रिकाम्या जहाजांनी आणलेली बाग

ब्रिस्टल हे पश्चिम इंग्लंडमधलं जुनं बंदर. २०१२ साली तिथे भर शहरात, कॅसल पार्कच्या काठाला, वापरातून गेलेली एक धान्याची बार्ज आणून बांधली. गोव्यात मांडवी-झुआरीवर खनिज वाहणाऱ्या बार्ज ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तिचं रूप वेगळं सांगायला नको. हिच्या पाठीवर मात्र माती भरून झाडं लावली होती. गुलाब-ट्यूलिप नव्हेत. अंजीर होतं, राजगिऱ्याच्या कुळातली तुरेवाली झाडं होती, केशरी कॅलेंडुला होता, आणि भूमध्य समुद्राकाठची एक रानकाकडी होती. ही काकडी पिकली की देठापासून सुटते आणि आतल्या बिया पिचकारी मारल्यासारख्या लांब फेकते. शहाणा माळी जे पहिल्या दिवशी उपटून टाकील असंही त्यात बरंच होतं. काठावरून जाणाऱ्याला वाटावं, कुणीतरी हौसेनं तण वाढवून ठेवलंय.

ते तणच होतं, पण इतिहास असलेलं. या जातींचं बी शेकडो वर्षांत ब्रिस्टलला येणाऱ्या जहाजांच्या तळाशी भरलेल्या मातीतून आलं होतं. ती माती कुणी विकत घेतली नव्हती, कुणाला ती हवीही नव्हती. जहाज उलटू नये म्हणून ती वजनासाठी भरलेली असे, आणि बंदरात पोचलं की काठावर ओतून देत. या मातीला, तिच्यातल्या दगडगोट्यांना आणि वाळूला मिळून बॅलास्ट म्हणतात. रेल्वेच्या रुळांखाली जी खडी असते तिलाही हेच नाव आहे, पण इथे संबंध जहाजाशी. मारिया तेरेझा आल्वेस या ब्राझीलमध्ये जन्मलेल्या कलावतीनं या टाकाऊ मातीवर १९९९पासून काम चालवलं आहे. त्या सगळ्या मालिकेचं नाव 'सीड्स ऑफ चेंज', आणि ब्रिस्टलची बार्ज हा तिचा सगळ्यात लोकप्रिय भाग.

बॅलास्ट का लागतो, ते आधी पाहू. शिडाच्या जहाजाचं वजन वर असतं: उंच डोलकाठ्या, शिडं, दोरखंड, लढाऊ जहाज असेल तर वरच्या मजल्यांवर तोफा. शिडात वारा भरला की सगळा पसारा एका अंगाला कलतो. त्याला पुन्हा सरळ करायला तळाशी पुरेसं वजन हवं. भरलेल्या जहाजात मालच ते काम करतो. माल नसेल किंवा हलका असेल, तर दगड-माती भरल्यावाचून बंदर सोडता येत नाही. स्वीडनच्या राजानं हौसेनं बांधवलेलं 'वासा' हे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या धक्क्यावरून निघालं आणि जेमतेम सव्वा किलोमीटर जाऊन, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत कलंडून बुडालं. त्याच्या तळात सुमारे १२० टन दगड होते. वरच्या तोफांच्या मानानं ते अपुरे पडले, आणि आणखी भरायला तळात जागाही नव्हती.

व्यापाऱ्याच्या दृष्टीनं बॅलास्ट म्हणजे निव्वळ नुकसान. भरायला मजुरी, उतरवायला मजुरी, आणि भाडं शून्य. म्हणून विकता येईल असं वजन शोधण्यात व्यापाऱ्यांनी बरीच बुद्धी खर्च केली. चीनहून चहा आणणारी जहाजं तळाला चिनी मातीची भांडी रचत. त्यांना ओलीचं भय नाही, वजन भरपूर, आणि लंडनला गिऱ्हाईक तयार. भारतातून परतणारी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं सोरा भरून नेत. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तर बर्फ पाठवला. तिकडून भारताकडे येणाऱ्या जहाजांना पुरेसा माल मिळत नसे, त्यामुळे दगडाऐवजी तळ्यातला बर्फ न्यायला ती स्वस्तात तयार होत. 'टस्कनी' जहाजानं १८३३ साली बोस्टनला १८० टन बर्फ भरला, आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. पुढे मुंबईलाही बर्फ येऊ लागला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत आइसक्रीम वाढलं गेलं आणि खाणाऱ्यांना सर्दी झाली, ही मुंबईची जुनी गोष्ट याच बर्फाची.

मालाचा इतिहास लिहिणं सोपं आहे, कारण मालाला कागद असतात. जकातीच्या वह्या, विम्याची पत्रं, हुंड्या, लिलावाच्या याद्या. किती गोणी, किती गाठी, कुणाच्या नावावर, सगळं सापडतं. फुकट भरलेल्या आणि फुकट ओतलेल्या मातीची यादी कोण ठेवणार? तिचा कागद झालाच तर वाद झाल्यावर. थेम्स नदीवर जहाजांना बॅलास्ट पुरवण्याचा मक्ता सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून ट्रिनिटी हाउस या संस्थेकडे होता, म्हणून तिथली काही कागदपत्रं टिकली. इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीवरच्या न्यूकॅसलहून लंडनला कोळसा जायचा. तिथे येणारी जहाजं रिकामी, म्हणजे बॅलास्ट भरून यायची. त्यांनी ओतलेल्या मातीच्या टेकड्या नदीकाठी उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या काही नावानिशी नकाशावर आल्या. नदीत माती टाकली तर दंड, आणि दंडामुळे दप्तरी लेखन. हा प्रकार जवळजवळ प्रत्येक मोठ्या बंदरात आढळतो.

आल्वेस यांचं काम इथून सुरू होतं. त्यांचा जन्म १९६१ साली साओ पाउलोचा. लहानपणीच त्या न्यूयॉर्कला गेल्या, कूपर युनियनमध्ये कला शिकल्या, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेत काम केलं, आणि १९८७मध्ये साओ पाउलोत हरित पक्ष स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. म्हणजे चित्रशाळेतून थेट दालनात आलेली ही बाई नव्हे. मार्सेय या फ्रेंच बंदरात त्यांनी बॅलास्टचा शोध सुरू केला, मग फिनलंडमधलं रेपोसारी, इंग्लंडमधली लिव्हरपूल, एक्झिटर आणि ब्रिस्टल, फ्रान्समधलं डंकर्क, नंतर न्यूयॉर्क आणि अँटवर्प.

प्रत्येक ठिकाणची पद्धत साधारण सारखी. आधी दप्तरखाना: बंदराचे नियम, दंडाच्या नोंदी, जुने नकाशे. त्यावरून माती कुठे ओतली जायची त्या जागा काढायच्या. आता तिथे गोदाम असेल, वाहनतळ असेल, कुणाचं परसदार असेल. तिथून माती खणून आणायची, कुंड्यांत भरायची, पाणी घालायचं आणि वाट बघायची. काय उगवतं ते त्या बंदराच्या वनस्पतितज्ज्ञाला दाखवायचं. प्रदर्शनात मग नकाशे, जलरंगातली चित्रं, टिपणं आणि कुंड्या मांडल्या जातात. खरं सांगायचं तर मजकूर न वाचता नुसतं बघत गेलं, तर या प्रदर्शनात दिपून जावं असं काही नाही. इथे पुष्कळ वाचावं लागतं. बार्ज लोकांना आवडली, कारण ती वाचल्याशिवायही आवडू शकते.

पण माती खणून शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचं बी उगवेल ही अपेक्षा धरणं म्हणजे भाबडेपणा नाही का? उत्तर मिशिगनमध्ये पुरलेलं आहे. विल्यम बील या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकानं १८७९ साली वीस बाटल्या भरल्या. प्रत्येकीत २१ जातींच्या तणांचं, प्रत्येकी ५० बी, ओलसर वाळूत मिसळून. बाटल्या विद्यापीठाच्या आवारात गुप्त जागी पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक उकरायची आणि काय रुजतं ते पाहायचं. प्रयोग बीलच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. अलीकडची बाटली २०२१मध्ये काढली, तीही रात्री, मंद हिरव्या उजेडात, कारण कित्येक बियांना रुजण्यासाठी उजेडाची एक झलक पुरते आणि ती आधीच मिळाली तर प्रयोग बिघडला. १४१ वर्षांनंतर त्यातलं व्हर्बास्कम या तणाचं बी उगवलं. इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्यात सापडलेली खजुराची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बी २००५मध्ये रुजली, हे तर आणखी पुढचं. पण ती कोरड्या वाळवंटातली, अपवादातली गोष्ट. बंदराच्या ओल्या मातीत बहुतेक बी कुजतं, उंदीर-मुंग्या खातात. जे उरतं ते खोल, अंधारात, हवा कमी असलेल्या थरात निपचित पडून राहतं. पाया खणायला कुणी कुदळ घातली आणि उजेड आत शिरला, की उठतं. मार्सेय, लिव्हरपूल किंवा न्यूयॉर्कच्या बांधकामाच्या जागी अचानक अनोळखी रोप दिसतं, त्यामागे हे कारण असू शकतं. रेपोसारीच्या बॅलास्टवरच्या वनस्पतींचा फिनलंडच्या हेली युतिला या शास्त्रज्ञ बाईंनी बारकाईनं अभ्यास केला आहे, आणि आल्वेस यांच्या कामाला मोठा आधार त्या अभ्यासाचा मिळाला.

बॅलास्टच्या झाडांकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते कलावंतांचं नव्हे, छांदिष्ट लोकांचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲडिसन ब्राउन हे न्यूयॉर्कमधले वकील, पुढे संघराज्याच्या न्यायालयाचे न्यायाधीश झालेले. कामातून मोकळा वेळ मिळाला की हे गृहस्थ गोवानस, हंटर्स पॉइंट, होबोकेन अशा गलिच्छ धक्क्यांवर जाऊन बॅलास्टच्या ढिगाऱ्यांतली झाडं गोळा करत. १८७८ ते १८८०च्या सुमारास टॉरी बोटॅनिकल क्लबच्या पत्रिकेत त्यांनी त्यांच्या याद्या छापल्या. बरीचशी झाडं एखाददुसरा हंगाम दिसून नाहीशी होतात, हेही त्यांनी पाहिलं होतं. न्यूयॉर्कचा हिवाळा भूमध्य समुद्राकाठच्या झाडाला सोसत नाही. जी टिकली, ती मात्र अशी टिकली की आज ती तिथलीच वाटतात. दवण्याच्या कुळातला मगवर्ट न्यूयॉर्कच्या रिकाम्या प्लॉटांवर माजतो, जांभळ्या फुलांच्या लूसस्ट्राइफनं उत्तर अमेरिकेच्या दलदली व्यापल्या. दोन्ही युरोपातली, आणि दोन्हींच्या प्रवासात बॅलास्टचा हात आहे. नुसतं बीच नव्हे. हिमयुगातल्या बर्फानं घासून काढलेल्या उत्तर अमेरिकेच्या मोठ्या पट्ट्यात गांडुळं उरली नव्हती. आज तिथे दिसणारी गांडुळं युरोपीय मातीतून आली, आणि त्यात जहाजांच्या मातीचा वाटा होता असं शास्त्रज्ञ मानतात. गांडुळांनी जंगलातला पाचोळ्याचा थर इतक्या वेगानं खाल्ला की त्या थरावर अवलंबून असलेली रोपटी मागे हटली. वसाहतवाल्यांनी बंदुकीनं जग बदललं हे शाळेत शिकवतात. गांडुळाचा धडा अजून पुस्तकात आलेला नाही.

आता पुन्हा ब्रिस्टलला यावं लागतं, कारण तिथल्या फुलांकडे निव्वळ फुलं म्हणून बघता येत नाही. १६९८मध्ये आफ्रिकेच्या व्यापारावरचा लंडनच्या कंपनीचा मक्ता सुटला, तेव्हापासून १८०७मध्ये ब्रिटिश संसदेनं गुलामांचा व्यापार बंद करेपर्यंत ब्रिस्टलमधून दोन हजारांवर जहाजं या धंद्यासाठी सुटली आणि त्यांनी सुमारे पाच लाख आफ्रिकी माणसं अटलांटिकपार नेली. जाताना पितळेची भांडी, बंदुका, दारू आणि कापड. त्या कापडात भारतीय सुती कापडाला मोठी मागणी होती. आफ्रिकेत माणसं विकत घ्यायला चालणारं आणखी एक चलन म्हणजे कवड्या. त्या मालदीवच्या समुद्रातून निघत, हिंदी महासागरातून येताना जहाजाच्या तळाशी बॅलास्ट म्हणून भरल्या जात, युरोपात विकल्या जात आणि तिथून पश्चिम आफ्रिकेला जात. तळाचं वजन म्हणून आलेली कवडी पुढे माणसाची किंमत ठरायची. कॅरिबियन बेटांवर माणसं उतरवल्यावर साखर घेऊन परतावं अशी योजना असे, पण साखर बहुतेक वेळा निराळ्या, मोठ्या जहाजांतून जायची. मग गुलामांचं जहाज अर्धंमुर्धं भरून, उरलेलं बॅलास्टवर, परतायचं. बार्जसमोरच्या काठावर पूर्वी साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता.

बॅलास्टला कागद नसतात असं वर म्हटलं, पण एक भयंकर अपवाद आहे. 'साओ जुझे' हे पोर्तुगीज जहाज १७९४च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून मोझांबिककडे निघालं तेव्हा त्याच्या मालाच्या यादीत चौदाशेहून अधिक लोखंडी ठोकळे लिहिलेले होते. मोझांबिकला त्यात पाचशेच्या आसपास कैदी भरून ते ब्राझीलकडे निघालं आणि डिसेंबरात केप टाउनजवळ खडकांवर फुटलं. दोनशेहून अधिक कैदी बुडाले. वाचलेल्यांना पुन्हा विकण्यात आलं. पाणबुड्यांना तळाशी ते ठोकळे सापडले, त्यांवरून आणि त्या यादीवरून जहाजाची ओळख पटली आणि २०१५मध्ये ती जाहीर झाली. ठोकळे कशासाठी, तर माणसं हा हलका आणि हलता माल आहे म्हणून. खांडसाखरेची पिंपं जागची हलत नाहीत, माणसं हलतात, आजारी पडतात, मरतात, आणि जहाजाचा तोल बदलतो. त्याची भरपाई लोखंडानं करायची. गुलामीच्या हिशेबीपणाबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला त्या यादीतली ही एक ओळ त्या सगळ्यांपेक्षा जड वाटते.

आल्वेस यांच्या बार्जवर यातलं काही कोरलेलं नव्हतं. स्थानिक आर्नॉल्फिनी कलाकेंद्र, नगरपालिका आणि ब्रिस्टल विद्यापीठाचं वनस्पती उद्यान यांनी मिळून ती उभी केली, उद्यानाच्या माळ्यांनी ती सांभाळली, लोक छोट्या बोटीतून जाऊन ती पाहून येत. गुलामांच्या व्यापारातून गब्बर झालेल्या एडवर्ड कोलस्टनचा पुतळा तेव्हा त्याच शहरात दिमाखात उभा होता. जून २०२०मध्ये जमावानं तो उखडून त्याच बंदराच्या पाण्यात ढकलला. ते चित्र जगभर गेलं. बागेनं असं काही घडवलं असा दावा मी करणार नाही, तो खोटा ठरेल. पुतळा एका दुपारी पडला. झाडांचं काम मंद होतं. शहरातल्या मुलांना रोपं दाखवून 'हे इथलं नाही, मग कसं आलं असेल?' एवढंच विचारायला ती उपयोगी पडली, आणि या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देताना गुलामीवरून उडी मारून जाता येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये विषय आणखी पसरला. २०१६–१८ या काळासाठीचं व्हेरा लिस्ट सेंटरचं कला आणि राजकारण यांसाठीचं पारितोषिक आल्वेस यांना मिळालं आणि नोव्हेंबर २०१७मध्ये तिथे प्रदर्शन भरलं. विद्यार्थी आणि माळी यांनी ब्राउन यांच्यासारख्यांच्या जुन्या याद्या चाळून रोपं वाढवली. काही रोपं पुढे हाय लाइन या उंचावरच्या बागेतही लागली. तिथे आल्वेस यांचा रोख केवळ बियांवर नव्हता, जमिनीवर होता. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाचा बराच भाग भराव घालून केलेला आहे. पर्ल स्ट्रीट हा आज आत असलेला रस्ता एकेकाळी किनारा होता. १९८२मध्ये वॉटर स्ट्रीटवर इमारतीचा पाया खणताना अठराव्या शतकातलं अख्खं जहाज भरावात गाडलेलं मिळालं. राडारोडा, कचरा, मोडकी जहाजं आणि परदेशी बॅलास्ट यांवर ते शहर पुढे सरकलं. ज्या लेनापे लोकांची ती भूमी, त्यांच्याकडून जमीन तर गेलीच, वर जमिनीचा पोतही राहिला नाही, हा आल्वेस यांचा मुद्दा. ही ओढूनताणून केलेली तक्रार वाटत असेल त्यानं ईस्ट नदीकाठच्या महामार्गाखाली काय आहे ते पाहावं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून ब्रिटनला युद्धसाहित्य घेऊन गेलेली जहाजं परतताना रिकामी असत. त्यांनी ब्रिस्टलमध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या घरांच्या विटा-दगड बॅलास्ट म्हणून भरून आणले, आणि ते २३व्या रस्त्यापासून पुढे भरावात गेले. १९४२मध्ये तिथे फलक लावून त्या जागेला 'ब्रिस्टल बेसिन' नाव दिलं. कॅसल पार्क, जिच्या काठाला ती बार्ज बांधली होती, ती बाग २४ नोव्हेंबर १९४०च्या हल्ल्यात भुईसपाट झालेल्या पेठेच्या जागी केलेली आहे.

या कामाचा एक सोपा अर्थ लावला जातो, आणि तो मला पटत नाही. परकी झाडं म्हणजे स्थलांतरित माणसं, त्यांना आपलं म्हणा, असा तो अर्थ. ऐकायला गोड आहे. पण बॅलास्टचं बी आपल्या पायानं आलेलं नाही, आणि आलेलं प्रत्येक झाड गरीब बिचारं नसतं. पुण्याच्या लोकांना हे सांगायला नको. गाजरगवत १९५५च्या सुमारास पुण्यात दिसलं, १९५६मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि अमेरिकेच्या पीएल-४८० मदतीतल्या गव्हाबरोबर ते आलं असं सर्वत्र सांगितलं जातं. लोकांनी त्याला काँग्रेस गवतही म्हटलं. भारतातले त्याआधीचे वाळवलेले नमुने संग्रहालयांतून निघाले आहेत, त्यामुळे गहू हा एकच वाहक असेल असं नाही. पण त्यानं पडीक जमिनी, बांध, रस्त्यांचे कडे खाल्ले आणि लोकांना त्वचेचे नि श्वासाचे विकार दिले, हे कुणी नाकारणार नाही. दुसरीकडे वसईच्या किल्ल्यातली आणि मुंबईतली अवाढव्य बुंध्याची गोरखचिंच. तीही आफ्रिकेची. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं भारतातल्या गोरखचिंचा एकाच वेळी नव्हे तर निरनिराळ्या काळांत, मुख्यतः आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडून, व्यापाराबरोबर आणि माणसांबरोबर आल्याचं दाखवलं. ती कुणाच्या शेतात घुसली नाही. आपण तिला गोरखनाथांचं नाव देऊन मोकळे झालो. दोन्ही परकी, पण दोघांशी वागणूक एक असू शकत नाही. आल्वेस यांच्या कामाचं बळ उपदेशात नाही. झाड कुठून आलं यापेक्षा ते कुणाच्या हिशेबासाठी आणलं गेलं, हे त्या विचारतात.

मातीचा बॅलास्ट आता संपला. लोखंडी, वाफेवरची जहाजं आली आणि दगड-माती भरण्यापेक्षा टाकीत पाणी भरणं सोपं झालं. १८५२ साली टाइन नदीवरच तरंगलेलं 'जॉन बोज' हे कोळशाचं वाफेवरचं जहाज पाण्याचा बॅलास्ट वापरणाऱ्या सुरुवातीच्या जहाजांपैकी होतं. पंप लावायचा, भरायचं, पंप लावायचा, सोडून द्यायचं. मजुरी वाचली. पण आता बियांच्या जागी त्या पाण्यातून अळ्या, शैवाल, शिंपल्यांची पिल्लं आणि जिवाणू फिरू लागले. १९८८मध्ये उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत सापडलेले झेब्रा शिंपले असेच युरोपातून आले आणि त्यांनी पाणीपुरवठ्याचे नळ बुजवले. शिणाण्यांसारखा दिसणारा, काळ्या पट्ट्यांचा एक मध्य अमेरिकी शिंपला १९६७मध्ये विशाखापट्टणमला आणि पुढे मुंबईच्या गोदीत आढळला. तो जहाजाच्या बुडाला चिकटूनही येतो, टाकीतून अळी होऊनही येऊ शकतो.

मुंबईचा या नव्या कहाणीत थेट वाटा आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००० साली बॅलास्टच्या पाण्यावर जो जागतिक कार्यक्रम सुरू केला, त्यासाठी जगातली सहा बंदरं निवडली होती. चीनचं दालियान, इराणचं खार्ग, युक्रेनचं ओडेसा, दक्षिण आफ्रिकेचं साल्दान्हा, ब्राझीलचं सेपेतिबा आणि आपली मुंबई. बंदरातल्या पाण्यात, गाळात, खांबांवर काय काय जगतं याची मोजदाद झाली. या विषयावरचं भारतातलं बरंचसं संशोधन गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होतं. बॅलास्टच्या पाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २००४मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ला अमलात आला. म्हणजे न्यूयॉर्कचं प्रदर्शन उघडण्याच्या दोनच महिने आधी. सुरुवातीला जहाजानं किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रात पाणी बदलून घेतलं तरी चालत असे. सप्टेंबर २०२४पासून मात्र पाणी गाळून, अतिनील किरण अथवा तत्सम उपायांनी त्यातले जीव मारूनच सोडायचं, आणि त्याची वही ठेवायची. बॅलास्टला अखेर कागद मिळाला. त्यासाठी वाट मात्र नुकसानीचे आकडे डोक्यावर बसेपर्यंत पाहिली गेली.

कोकणची बंदरं आल्वेस यांच्या यादीत नाहीत. पण चौल, दाभोळ, राजापूर, वसई, वेंगुर्ला इथे शतकानुशतकं अरबी, आफ्रिकी, पोर्तुगीज, डच, इंग्रज जहाजं लागली आहेत. त्यांच्या जुन्या धक्क्यांशेजारची माती अजून पुष्कळ ठिकाणी काँक्रीटखाली गेलेली नाही, आणि ती लवकरच जाणार आहे. रत्नागिरी, अलिबाग, सावंतवाडी, पणजी इथल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत. एखाद्या प्राध्यापकानं विद्यार्थ्यांना घेऊन पावसाळ्याआधी या धक्क्यांवरची, हातभर खोलीवरची माती आणावी, वाफवलेल्या मातीच्या कुंड्या तुलनेला शेजारी ठेवाव्यात, वरून जाळी बांधावी, आणि पाणी घालून काय येतं ते लिहून ठेवावं. खर्च कुंड्यांचा. काहीच परकं उगवलं नाही, तर तेही छापावं.